कमकुवत स्टेशन आधी

“भाई, तुम्ही येत नाही आहात. गुहागर, गुहागर, भाई खातू… मंडळींपैकी कुणाला भाई ऐकू येतायत का?”

हा आवाज अमरावतीच्या डॉक्टर खानझोड्यांचा. आमच्या नगरच्या घरात, खिडकीखालच्या टेबलावर ठेवलेल्या जुन्या लष्करी रिसीव्हरमधून तो येत होता. रिसीव्हरसमोर मी बसले होते, शेजारी गळ्याभोवती मफलर गुंडाळून जयवंतमामा बसला होता, आणि मला भाई ऐकू येत होते. मोठ्याने नव्हे. भिंतीपलीकडच्या घरात कुणी हळू बोलावं, तसे. पण येत होते.

मी मामाकडे पाहिलं. त्याने तोंड उघडलं आणि त्यातून नुसती हवा आली. आदल्या संध्याकाळपासून त्याचा घसा पार बसला होता. ज्याच्या शिंकेने गल्लीतली कुत्री उठून बसत, तो माणूस कण्हल्यासारखा फुसफुसत होता. शेवटी त्याने बोलण्याचा नाद सोडला आणि बोटाने मायक्रोफोन दाखवला.

मी मान हलवली. नाही म्हणजे नाही.

मी बोलताना अडखळते, हे आता सांगून टाकलेलं बरं. शब्दाच्या दारातच पाय अडकतो. प, फ, ब, भ ही अक्षरं तर माझी जन्माची वैरी, आणि आईवडिलांनी मोठ्या हौसेने नाव ठेवलं प्रिसिला. नाव विचारलं की माझे ओठ मिटायचे ते उघडायचेच नाहीत. समोरचा माणूस दया येऊन किंवा कंटाळून काहीतरी नाव स्वतःच सुचवायचा. प्रमिला, प्रेमा, प्रभा अशा सगळ्या नावांना मी मान डोलावलेली आहे. कॉलेज संपेपर्यंत माझी बहुतेक वाक्यं दुसऱ्यांनीच पुरी केली होती, आणि ती फारच क्वचित माझ्या मनातली असायची. शेवटी मी बोलणंच कमी केलं. आई गेल्यावर मी मामा-मामींकडे राहायला आले, तेव्हा तर आठवडेच्या आठवडे मान हलवून काढत असे.

त्या वर्षी तंत्रनिकेतनातल्या एका जागेसाठी मला मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. रेडिओ आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत मुलांना शिकवायचं काम. मला त्या कामापेक्षा जगात काही हवं नव्हतं. मुलाखत येत्या सोमवारी होती आणि मी जाणार नव्हते. चार परकी माणसं समोर बसणार, पहिला प्रश्न नावाचा असणार. रूथमामीने मला समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, प्रार्थनेत माझं नाव मोठ्याने घेऊन पाहिलं. मी ढिम्म.

आता तो रिसीव्हर. तो दुसऱ्या महायुद्धातल्या विमानातला होता. मामा कॅम्पात जुन्या सामानाच्या लिलावाला कपाट आणायला गेला होता आणि कपाटाऐवजी हे घेऊन आला. दोघांनी धरून टांग्यातून उतरवावं लागलं. काळं खरबरीत पत्र्याचं धूड, पुढे जाडजूड घुंड्या, मधे एक गोल डायल. बँड बदलला की डायलवरचा पडदा सरकून नवे आकडे समोर येत. मामी दारात उभी राहून म्हणाली, “कपडे ह्याच्यात ठेवायचे का?”

मामा तार ऑफिसातून निवृत्त झालेला. सगळं आयुष्य कट्ट-कड-कट्ट करण्यात गेलेलं, त्यामुळे बिनतारीचं वेड होतंच. विमानातल्या विजेवर चालणारं ते यंत्र त्याने घरच्या विजेवर चालेलसं केलं आणि छपरापासून समोरच्या कडुनिंबापर्यंत तांब्याची तार ताणली. मामीने पहिल्याच दिवशी तिच्यावर चादर वाळत घातली. त्या चादरीवरून घरात जे झालं ते सांगत नाही.

खटका ओढला की आतले व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस व्हायचे. तापलेल्या धुळीचा आणि जुन्या मेणाचा वास खोलीत पसरायचा आणि मग कुठूनतरी लांबून जग यायला लागायचं. समुद्रातल्या जहाजांच्या तारा, न कळणाऱ्या भाषेतल्या बातम्या, मधेच एखादं सुरेल वाद्य. थंडीत रिसीव्हरचं डोकं छान ऊबदार राहायचं, म्हणून मामी त्यावर दह्याचं विरजण लावायची. “लढाईतून आलेलं यंत्र आहे ते!” मामा ओरडायचा. “मग दही काही मारणार नाही त्याला,” मामी म्हणायची. दही मात्र फार सुंदर लागायचं, हे मामालाही कबूल होतं.

त्या यंत्रावर मला एक आवाज सापडला होता. सकाळच्या वेळी एका जागी काटा आला की बदकं भांडावीत तसं काहीतरी ऐकू यायचं. मामाने निकाल दिला, “रशियन.” पुष्कळ दिवस आम्ही ती रशियन बदकं ऐकली. एका सकाळी मामा बाहेर गेलेला असताना मी उगाच तार ऐकायचा खटका चालू केला आणि सूर वरखाली करायची छोटी घुंडी केसभर, अगदी केसभर फिरवत राहिले. बदक बारीक झालं, जाड झालं, आणि एकदम त्याचा माणूस झाला. माणूस स्वच्छ मराठीत सांगत होता की त्याच्या पाठीत उसण भरली आहे.

मी खुर्चीतून उठलेच. मोडकातोडका, कुणालाही न कळणारा आवाज. आत माणूस असतो आणि त्याच्यासाठी फक्त कुणीतरी न कंटाळता घुंडी फिरवायची असते. तो आनंद मला आजही जसाच्या तसा आठवतो.

उसणवाले गृहस्थ म्हणजे सोलापूरचे बिराजदार. ही सगळी हौशी बिनतारीवाली मंडळी, सरकारी परवाना घेऊन घरच्या घरी बांधलेल्या यंत्रांवरून रोज सकाळी एकमेकांशी बोलणारी. ते ह्या भेटीला कट्टा म्हणत. कट्टा चालवायचे डॉक्टर खानझोडे, आणि रोज सुरुवातीला त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे, “कमकुवत स्टेशन आधी. बाकीच्यांनी बटणावरून हात काढा.” ज्याचा आवाज क्षीण, त्याला पहिला मान. तो बोलत असताना दांडग्या यंत्रांच्या मालकांनी गप्प बसायचं. कळलं नाही तर “परत सांगा” म्हणायचं, पुन्हा नाही कळलं तर पुन्हा. कुणी कुणाला तोडायचं नाही. अशीही माणसं असतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी रोज ऐकायला बसू लागले.

मामाने मला तारेची लिपी शिकवली आणि आम्ही दोघं परवान्याच्या परीक्षेला बसलो. परीक्षा लेखी आणि तारेची होती, तोंडाने काही बोलायचं नव्हतं, म्हणून मी पास झाले. मामाने एका मित्राच्या मदतीने छोटा ट्रान्समीटर बांधला. त्याला तार वाजवायची किल्ली माझी आणि मायक्रोफोन मामाचा, अशी वाटणी होती. मायक्रोफोनला मामीने क्रोशाचं पांढरं झाकण विणलं होतं. किल्लीवर माझा हात कधीच अडखळला नाही. कट्टा संपताना मी रोज किल्लीने माझी खूण वाजवायची, आणि डॉक्टर म्हणायचे, “नगरच्या ताई, सलाम.” तेवढं मला दिवसभर पुरायचं.

तर त्या सकाळी मी मायक्रोफोनला नाही म्हटलं आणि किल्लीवर हात ठेवला. स्वच्छ वाजवलं, भाई मला ऐकू येत आहेत, नगर.

डॉक्टर म्हणाले, “कुणीतरी तार वाजवतंय. आज खरखर फार आहे, कागदावर काही उतरत नाही. जे कुणी असेल, त्यांनी आवाजात सांगा.”

मला रागच आला. रोज तर उतरते! मी पुन्हा वाजवलं, लहान मुलाला वाजवून दाखवावं इतकं सावकाश.

“नाही बाप्पा. नाही उतरत.” डॉक्टर म्हणाले. “मग भाईंचं काही खरं दिसत नाही. चिपळूणला तार करून माणूस पाठवावा लागेल.”

कट्ट्यावर हजेरीचा नियम होता. बार्शीचे एक म्हातारे सदस्य घरात एकटेच पडून राहिले होते आणि ते कुणाला वेळेवर कळलं नव्हतं. तेव्हापासून ठरलं होतं की जो न कळवता आला नाही, त्याच्या घरी कुणीतरी जाऊन पाहायचं. आणि इकडे भाई माझ्या कानात सांगत होते, “अहो मी बरा आहे, मंडळी. बॅटरी उतरलीय. नवी येईपर्यंत काही दिवस येणार नाही. माणूस पाठवू नका हो, घरी ही अंथरुणाला खिळलेली, अनोळखी माणूस दारात बघून उगाच घाबरेल. मी बरा आहे. बॅटरी उतरलीय…”

ते पुन्हा पुन्हा तेच सांगत होते आणि दर वेळी आवाज जरा खाली जात होता. मी एका हाताने घुंडी धरून त्यांच्या मागे मागे जात होते. त्या म्हाताऱ्याचं बोलणं आख्ख्या जगात फक्त माझ्या एकटीच्या कानात पडत आहे, असं मला वाटलं. आपलं बोलणं कुणालाच पोचत नाही तेव्हा काय होतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

मी क्रोशाचं झाकण काढलं. मामा पुतळ्यासारखा बसला होता. मी बटण दाबलं.

“भ्…”

ओठ मिटले ते मिटलेच. मानेच्या शिरा ताठ झाल्या. “भ्… भ्…” मी बटण सोडून दिलं. आता कुणीतरी हसेल, किंवा कुणीतरी मधेच बोलून माझं वाक्य संपवेल. बिराजदार तर नक्कीच. त्यांना शांततेचं वावडं होतं.

कुणी बोललं नाही. स्पीकरमध्ये नुसती बारीक सळसळ. मग डॉक्टरांचा आवाज, रोजच्यासारखाच, “कमकुवत स्टेशन आहे. सगळ्यांनी हात काढा. सावकाश येऊ द्या, आपल्याला घाई नाही.”

मी पुन्हा बटण दाबलं. डावा हात आपोआप मांडीवर वाजू लागला, किल्लीवर वाजतो तसा. मी त्या हाताच्या मागून निघाले.

“भा… ई… ब… ब… बरे आहेत.”

“उतरलं,” डॉक्टर म्हणाले. “भाई बरे आहेत. पुढे?”

“बॅ… बॅ…” इथे फार वेळ गेला. सळसळ तशीच, रिकामी, मला जागा देणारी. “बॅटरी उतरली.”

“उतरलं. बॅटरी उतरली. पुढे?”

असं एकेक वाक्य. मी टाकायचं, त्यांनी उचलून परत दाखवायचं. “माणूस पाठवू नका” ह्यातला प तर मला वाटतं अमरावतीपर्यंत पायी गेला. पण गेला. घरात करपल्याचा वास सुटला होता. मी वळून पाहिलं तर मामी दारात उभी, दोन्ही हात पिठाचे, आणि मागे तव्यावर भाकरीचा कोळसा. त्या घरात मामीची भाकरी जळालेली मी पहिल्यांदा पाहिली.

“निरोप पूर्ण मिळाला. माणूस पाठवत नाही,” डॉक्टर म्हणाले. “निरोप कुणी दिला? नाव सांगा.”

मी डोळे मिटले. मांडीवर हात वाजत होता.

“प्रि… प्रि… प्रिसिला. प्रिसिला उजागरे. नगर.”

“प्रिसिला उजागरे, नगर. आभारी आहे. चला, सोलापूर, बिराजदार बोला.” आणि बिराजदारांनी त्यांच्या घरच्या गळक्या नळाची हकिकत सुरू केली. जणू काही झालंच नव्हतं. कुणी शाबास म्हटलं नाही, टाळ्या नाहीत, कौतुक नाही. एका स्टेशनने निरोप दिला, दुसऱ्याने घेतला, इतकंच. त्याबद्दल मला त्यांचे इतके उपकार वाटले की मी टेबलावर डोकं ठेवून रडले. त्या ऊबदार पत्र्याला कपाळ टेकलं होतं, वरची दह्याची वाटी हलली, आणि मामाने ती सांडू नये म्हणून धरून ठेवली.

“देवबापाचे आभार,” मामी म्हणाली. “आता सोमवारी तोंड घेऊन जा तिथं. घरी ठेवून जाऊ नको.”

मी गेले. बसल्या बसल्या आधी सांगितलं की मला बोलायला वेळ लागतो, तेवढा द्यावा. एकाने घड्याळाकडे पाहिलं, पण बाकीच्यांनी वेळ दिला. पुढे निवृत्त होईपर्यंत मी त्याच प्रयोगशाळेत शिकवलं. अडखळणं गेलं नाही. ते आजही माझ्याबरोबर आहे, आणि मुलं पहिल्या आठवड्यात हसतात नि दुसऱ्या आठवड्यात विसरतात.

मामा गेला, मग मामी गेली. बिराजदार गेले, भाई खातूही गेले. रिसीव्हर माझ्याकडे आहे आणि अजून लागतो.

मध्यंतरी एका विद्यार्थ्याच्या लग्नासाठी अमरावतीला जाणं झालं, तेव्हा मी डॉक्टर खानझोड्यांकडे गेले. आयुष्यभर आवाज ऐकलेला माणूस प्रत्यक्ष पहिल्यांदाच पाहत होते. नव्वदीला आलेले, आरामखुर्चीत बसलेले, पायांवर शाल. सुनेने चहा आणून ठेवला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर मी म्हटलं, “मी पहिल्यांदा बोलले त्या दिवशी हवा इतकी खराब होती, मला आजही नवल वाटतं की माझ्या म्हाताऱ्या यंत्रात तेवढे भाई आले कसे.”

डॉक्टरांनी कप खाली ठेवला.

“कायची खराब हवा? भाई माझ्याकडे ठणठणीत येत होते. सोलापूरलाही येत होते. सगळ्यांकडेच येत होते.”

मला कळेना. “मग तुम्ही…”

“आदल्या दिवशी कट्टा संपल्यावर, तू उठून गेलीस असं बघून, जयवंत बसक्या आवाजात सगळ्यांना म्हणाला होता, उद्या मला बोलता येणार नाही, पोरगी बसंल. म्हणाला, तिची सोमवारी मुलाखत आहे अन् बोलताना अडखळते म्हणून ती जात नाही म्हणते. बस, इतकंच. ठरवलं काहीच नव्हतं. सकाळी भाईंनी हाक दिली, मी उत्तर द्यायला बटण दाबलं, अन् मनात आलं, आज नगरला कोण बसलं आहे? तोंडातून निघून गेलं, भाई, तुम्ही येत नाही.” ते हसले. “मग मलेच धास्ती. आता बिराजदार बोंबलणार, मले येतात म्हणून. तर तोही गप्प! मी कोणाले काही सांगितलं नव्हतं, पोरी. ज्याचं त्यालाच समजलं.”

“आणि माझी तार?”

“मोत्यासारखी होती. अक्षर न् अक्षर उतरलं.”

“पण भाईंची बॅटरी…”

“ती खरीच उतरली होती.” डॉक्टरांनी पायांवरची शाल सारखी केली. “माणूस पाठवतो म्हटल्यावर भाईंनाही उमगलं असंल. नाहीतर उतरलेल्या बॅटरीवर तेच ते इतक्या वेळा काहून सांगत बसले असते? होती नव्हती ती सगळी वीज त्यांनी तुझ्यासाठी संपवली. त्या दिवशी कमकुवत स्टेशन भाई नव्हते.”

मामाच्या बसलेल्या घशापासून बिराजदारांच्या मिटलेल्या तोंडापर्यंत सगळी माणसं डोळ्यांपुढे आली. त्यांतला एकही जण पुढे कधी एका शब्दाने बोलला नव्हता. माझ्या हातात चमचा होता. मी तो कपाच्या काठावर टेकवला आणि वाजवलं, सावकाश, स्वच्छ. आभारी आहे.

डॉक्टरांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं. मग मान हलवली.

“नाही बाप्पा,” ते म्हणाले. “नाही उतरत. आवाजात सांग.”

मी चमचा खाली ठेवला. सांगायला लागले. पुष्कळ वेळ लागला, आणि डॉक्टर थांबले.